उत्तर येईपर्यंत

माझी धाकटी जाऊ बावीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. तिथे तिला सगळे 'बिजली' म्हणतात. डॉक्टर हातमोजे शोधत असतात तोवर हिचं निम्मं काम उरकलेलं असतं. घरीही तेच. मी भाजी चिरायला बसले की सुरी माझ्या हातातून तिच्या हातात कधी गेली, मलाच कळत नाही. तर अशा या बाईने चव्वेचाळिसाव्या वर्षी स्त्री-आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, लेखी पेपरांत पहिली आली आणि प्रात्यक्षिकात चक्क नापास झाली.

तिथली पद्धत अशी, की काही बायका खास शिकवायलाच येतात. विद्यार्थिनींनी त्यांना तपासायचं, आणि हात कसा लागला, दुखलं का, भीती वाटली का, हे त्या तोंडावर सांगणार. मार्कही त्यांच्याच हातात. हिच्या कागदावर त्या बाईने एकच ओळ लिहिली होती : 'विचारते, पण उत्तरासाठी थांबत नाही.' महिन्याभराने आणखी एक संधी होती. तीही गेली की नाव कटणार, आणि बायकांना तपासायची जी स्वतंत्र खोली ती सात वर्षं दवाखान्याकडे मागत होती, तीही गेली.

"एवढ्याशा गोष्टीवरून नापास?" मी भडकले.

"त्यांचं बरोबर आहे, ताई," ती म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागली. माझा राग जागच्या जागी विरला.

मग घरात सराव सुरू झाला. "आई, मनगट धरू का?" तिने सासूबाईंना विचारलं.

"धर की. आजवर कधी विचारलंस?" सासूबाई म्हणाल्या. त्या कशालाही हो म्हणायच्या. तिचा नवरा तर विचारायच्या आधीच हो म्हणायचा.

"मला नाही म्हणणारं माणूस हवंय," ती वैतागून म्हणाली, आणि अख्ख्या घराने माझ्याकडे बघितलं. घ्या, म्हणजे घरात आडमुठी मी एकटीच.

रविवारी दुपारी मी अंगभर कपड्यांत खाटेवर आडवी झाले. तपासायचं काही नव्हतं, नुसतं विचारायचं आणि थांबायचं. खांद्याला हात लावू का? नाही. पोटावर ठेवू का? नाही. खरं सांगते, मला मजा येत होती. मग तिने विचारलं, "गुडघे जरा बाजूला घ्याल का?" आणि माझ्या तोंडून ना हो निघेना, ना नाही. तिचा हात अर्ध्यावर आला होता. तो तिथेच राहिला. सवयीने पुढे यायला बघत होता, पण आला नाही. ती थांबली. आणि मला हुंदका फुटला.

"ताई, कोणी काय केलं होतं?"

माझी जीभ तिखट आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण ही एक गोष्ट मी एकवीस वर्षं गिळून बसले होते. माझा मुलगा तिच्याच वॉर्डात झाला. ती नवी होती, उत्साहाने नुसती उतू जात होती. आमच्या ताईंना मी जराही त्रास होऊ देणार नाही, असं साऱ्या वॉर्डाला सांगत फिरत होती. मी थांब म्हणत होते आणि ती "झालंच, झालंच" म्हणत हात चालवत होती. बाळ सुखरूप झालं. घराने तिला डोक्यावर घेतलं, मीही घेतलं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर मी कुणाला अंगाला हात लावू दिला नाही. गेली दोन वर्षं पाळी वेडीवाकडी येत होती, तरी डॉक्टरकडे गेले नाही.

"तूच होतीस गं," मी म्हटलं.

ती जमिनीवर बसली. आता म्हणेल, पण बाळ धडधाकट झालं ना. तसं म्हणाली असती तर मी तिला आयुष्यात माफ केलं नसतं. ती म्हणाली, "तुम्ही थांब म्हणाला होतात?"

"तीनदा."

"मला ऐकूच आलं नाही, ताई."



मंगळवारी तिचं प्रात्यक्षिक होतं. मी सकाळपासून स्वतःला शिव्या घातल्या. ऐन परीक्षेच्या तोंडावर हे सांगायची काय अवदसा आठवली मला? आता हिचा हातच उचलणार नाही.

ती दुपारी आली. तपासणीच्या मधेच हिने काही विचारलं आणि ती तपासून घेणारी बाई गप्प झाली म्हणे. हिने हात मागे घेतला, चादर नीट पांघरली आणि स्टुलावर बसून राहिली. वेळ संपली तेव्हा निम्मी तपासणी बाकीच होती.

"हातून सुटलं सगळं, असंच वाटलं मला," ती दारातूनच म्हणाली. "बाईंनी पूर्ण मार्क दिले, ताई. पास झाले."

एरवी एवढ्यात माझ्या गळ्यात पडली असती. आज तिने विचारलं, "जवळ येऊ का?"

मी बराच वेळ घेतला. ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता उंबऱ्यापाशी उभी होती.

"ये," मी म्हटलं.