मंदा सिस्टरांची पिवळी पाटी

मंदा सिस्टर गेल्या, हे वॉर्डातल्या मावशींनी फोनवर सांगितलं. मी चिखलीतल्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला बसले होते. रडू यायच्या आधी मनात आलं, आता माझ्या रुद्रला काही झालं तर हाक कुणाला मारू?...

आमचं गाव हिंगोलीकडं. माझी शाळा आठवीत सुटली, इथं ओळखीचं कुणी नव्हतं. रुद्र तान्हा असताना न्यूमोनियानं मुलांच्या आयसीयूत होता. तिथं शिफ्ट बदलताना डॉक्टर, सिस्टर, सफाईच्या मावशी सगळे एकेका पलंगाशी थांबायचे आणि मंदा सिस्टर विचारायच्या, आज कोणत्या बाळाची तब्येत बिघडेल असं वाटतं? ज्याचं नाव निघेल त्याच्या पलंगाला पिवळी पाटी लागायची. एकदा ती आमच्या पलंगाला लागली. गावाहून आलेल्या सासूबाईंना तो अपशकुन वाटला. त्यांनी पाटी काढून पदराखाली घेतली. सिस्टरांनी ते पाहिलं. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतात. पण त्या मावळातल्या, त्यांचं बोलणं तसंच सरळ.

"आजी, ही पाटी पोराला न्हाई, आमाला हाय. जाता-येता परत्येकानं हितं थांबावं म्हणून."

"मग तुमच्याच गळ्यात अडकवा की," सासूबाई पुटपुटल्या.

सिस्टर हसल्या. पाटी परत लावली आणि माझ्याकडं वळल्या. "तू आई हायस. येगळं वाटलं की हाक मार. चुकीचं निघालं तरी चालंल."

त्याच दुपारी रुद्रची धाप कमी झाली. पोरगं निवांत झोपलं म्हणून सासूबाईंनी हात जोडले. मी त्याच्या मुठीत बोट दिलं, तर त्यानं धरलंच नाही. भीत भीत हाक मारली. सिस्टर आल्या, मागोमाग डॉक्टर. तो झोपला नव्हता, श्वास घेऊन घेऊन दमला होता. लगेच घशात श्वासाची नळी घातली... तो वाचला. सिस्टरांनी माझं कौतुक वगैरे केलं नाही. पुढच्या राउंडला मात्र दंडाला धरून मला त्या घोळक्यात उभं केलं.

रुद्र आता शाळेत जातो. सिस्टर गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात त्याची छाती पुन्हा वाजायला लागली, तेव्हा त्याच दवाखान्यात नेलं. तपासायला आलेली सिस्टर नवी होती, अगदी कोवळी. तिनं त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावलं, आकडा पाहिला. आकडा बरा होता, पण ती गेली नाही. स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला काय वेगळं वाटतंय?"

मी सांगत गेले. ती एकेक गोष्ट कागदावर लिहून घेत गेली.