शेळ्यांची हाक

"पुन्हा कर ना, प्लीज! मोबाइल चालू केलाय मी."

आणि मी पुन्हा केलं. लाज त्याचीच वाटते. हसले ते, पण केलं मी.

मुळशी धरणाच्या काठावर पुण्याच्या लोकांचा बंगला आहे. शनिवार-रविवारी ते येतात, आई तिथं स्वयंपाकपाणी बघते. आम्ही धनगर. घरी शेळ्या, त्या मी राखते. त्या रविवारी आईसोबत भांडी घासायला गेले होते. मालकांची मुलगी माझ्याच वयाची. व्हरांड्यात झोपाळ्यावर बसून हातातला गेम खेळत होती. कंटाळली तशी माझ्याकडे दिला. "खेळ. दरी ओलांड, घोडा घेऊन ये."

ओले हात ओढणीला पुसले. छोट्याशा पडद्यावर डोंगर, गवत आणि तलवार घेतलेली एक मुलगी. तिला मी पळवत होते. खरं सांगते, इतकं मोकळं मला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात घोडा कड्याच्या तोंडाशी गेला. त्याला बोलवायचं बटण होतं. मी विसरले. तोंडातून शेळ्यांना घालते तीच हाक गेली.

"हुर्र्र... ये ये ये! हुर्र्र!"

सगळे पोट धरून हसले. मालक, त्यांच्या बायको म्हणजे ताई, पाहुणे. मग मोबाइल निघाले, आणि मी हाक घालत राहिले. माझंही तोंड हसरं. आई दारात पदर तोंडाला लावून हसत होती. तिला हसावंच लागत होतं, हे तेव्हा कळलं नाही. मला तिचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी शेळ्या भाताच्या खाचराकडे वळल्या. तोंड उघडलं, हाक फुटेना. कानात तेच हसणं. दगड भिरकावला. गाभण शेळीच्या पायाला लागला. आणि ती लंगडत माझ्याकडेच आली. तिच्या गळ्यात पडून मी रडले.

शनिवारी ताईंनी बोलावलं. नवे पाहुणे होते. मुलीनं गेम पुढं केला. "खेळ, आणि तो आवाज काढ. व्हिडिओ बघून आलेत सगळे."

तो घोडा मला हवा होता. फार हवा होता. मी गेम झोपाळ्यावर ठेवला.

"ती हाक शेळ्यांची हाय. तुमच्यासाठी न्हाई."

"अगं, गंमत आहे. त्यात काय एवढं?" ताई म्हणाल्या.

"मंग तुमी काढा. मी बघत उभी ऱ्हाते."

कुणी हसलं नाही. आई आतून धावत आली. "माफी माग, पोरी. काम जाईल."

"न्हाई मागायची."

काम गेलं. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. व्हिडिओ फिरतोच आहे, त्यात मी हसतेय. ते मला पुसता येत नाही.

पण माळावर मी रोज हाक घालते. घसा ताणून. खाली बंगल्यापर्यंत ऐकू जाते, ते मला ठाऊक आहे. जाऊ दे. मागितली म्हणून मात्र ती आता कुणालाच मिळणार नाही.