शनिवारच्या मिक्समधला आवाज

हे मी कोनालाच सांगितलं न्हाई. तुमाला वाटलं असंल, पोरगं कबुली देऊन राहिलं म्हंजी पोरीचं लफडं असंल, न्हाईतर पेपरात कॉपी. न्हाई बाप्पा. तसं असतं तर मी कवाच चहाच्या टपरीवर सांगून चार जनांना हसवलं असतं.

मी दर शनवारी कॉलेजच्या ग्रुपवर एक मिक्स टाकतो. सुट्टीला ऐकायला. एखादं झकास पॉप, एखादं कोरियन, मग कोन्या इंडी बँडचं, ज्याचं नाव आमच्या कनेरगाव नाक्यावर कुत्रं बी ओळखत न्हाई. अन् दोन गान्यांच्या मधात माझी मिमिक्री — यष्टीचा कंडक्टर, ढाब्यावाले काका, आमचे प्राचार्य. खरं सांगू? गानी कोनी ऐकतच न्हाई. नकलांसाठी थांबतेत सगळे. मला वाईट वाटायचं का? वाटायचं... थोडं.

आता अंकुश. माझा दोस्त, पुसेगावच्या बाजूच्या तांड्यावरचा. त्याच्या बहिनीचं, शिल्पाताईचं लग्न ठरलं होतं. त्यांच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते — ढावलो म्हंतेत त्याला. तो आधी शिकावा लागतो. मी गेलो त्या दुपारी ताई तिच्या आईपाशी बसून तेच शिकून राहिली होती. काय आवाज... माझ्या हेडफोनमधल्या एका बी बँडला तसा न्हाई. मी मोबाईल मांडीवर उलटा ठेवला अन् रेकॉर्डिंग दाबलं. विचारलं का? न्हाई. काहून न्हाई विचारलं? — न्हाई म्हनली असती.

शनवारी ते मिक्समधी टाकलं, खाली बारीक बीट जोडून. वाटलं, आपल्या भागाचा बी एक इंडी. ताईचं नाव तेवढं टाकलं न्हाई.

लगेच ग्रुपवर — "अबे, ही बाई कोन?" मग एकानं लिहिलं, "बाई कशाची! पप्याच हाय. रडनाऱ्या बाईचा आवाज काढून राहिला." पप्या म्हंजी मी. हसऱ्या तोंडांची लाइन लागली. मी काय लिहायला पायजे होतं? तुमाला बी कळतंय. मी लिहिलं — "ओळखलं का बे!"

झालं. तिथंच अडकलो. जो भेटंल तो, "पप्या, रडनारी बाई कर ना." घसा बसला, घसा बसला — किती दिवस सांगनार? मिक्स फिरत फिरत तांड्यावर गेलं. अंकुश बी हसला. "हुबेहूब ताई काढली बे तू! तिला सांगू नको फक्त."

लग्नात मांडवाच्या कडंला आमी पोरं दाटीवाटीनं उभी. ताईनं आईच्या गळ्यात हात टाकला, पहिली ओळ काढली — अन् मागून कोनीतरी फिस्सकन हसलं. "अरे, ही तर पप्याची बाई!" मग दुसरं हसलं, मग सगळेच. ताई थांबली. कोन हसतंय, काहून हसतंय, तिला कळंना. एकच वाक्य पायजे होतं — हा तिचाच आवाज हाय, मी चोरलाय. हलायला जागा न्हवती, पन तोंड तर मोकळं होतं ना? त्या तोंडानं मी बी हसलो. मोठ्यानं.

ताई न गाताच गाडीत बसली.

पोरं काहून हसली, ते अंकुशनं आईला सांगितलं. म्हंजी त्याला जेवढं म्हाईत होतं तेवढं. काकूला वाटलं, मी नक्कल केली. मी वाटू दिलं. आज बी वाटू देतो. गाडी गेल्यावर मागं राहिलेल्यांची पंगत बसली, तिच्यातून दंडाला धरून उठवलं तिनं मला, सगळ्यांच्या पुढं.

"कोनाची बी नक्कल कर ना पोरा. मास्तरची कर, माझी कर. लेकराचं रडनं काहून घेतलं? मला माझ्या आईनं शिकवलं, मी तिला शिकवलं. अन् ती माझ्या गळ्यात पडली अन् मुकी गेली रे. तिच्यावानी गायला गळा हाय तुला, तिच्यासाठी बोलायला न्हाई? वर बघ. मान काहून खाली घातली? का लाजल्याची बी नक्कलच करून राहिला?"