युलेक्साइट आणि गरम पाणी

मुलांनो, तुम्ही कॅलिफोर्नियाहून पाठवलेला युलेक्साइटचा दगड आज थोडक्यात वाचला! आपल्या गिरगावच्या शेजारीणबाई बाहेरून आलेली नाणीसुद्धा धुऊनच घरात घेतात. मी कौतुकाने दगड दाखवायला नेला, तर त्यांनी तो थेट गरम पाण्याच्या पातेल्यावर धरला.

"अहो, थांबा!" मी ओरडले. "सुकलेल्या तळ्यातला क्षार आहे तो. गरम पाण्यात विरघळेल!"

"न धुता कसा ठेवायचा घरात?"

मी तो त्यांच्या पंचांगावर ठेवला. दगडातल्या बारीक तंतूंमधून खालची अक्षरं थेट दगडाच्या माथ्यावर दिसू लागली.

"अगंबाई! वहिनी, एकादशी वर आली की हो!"

मग दगडाऐवजी त्यांनी स्वतःचे हात धुतले, कोरडे पुसले आणि तो तसाच देवघरात नेऊन ठेवला. मला परत मागवेना.