बर्फातली सरहद

भिकन आबांच्या उजव्या पायाला दोनच बोटं होती. बाकीची तीन लडाखच्या बर्फात गेली. एरंडोलजवळच्या त्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तिथे नेमकं काय झालं, हे आबांनी कधी सांगितलं नाही. पलटण सोडून आले, औताला बैल जुंपले आणि त्या विषयाला माती दिली. लहानपणी त्यांची मुलगी प्रमिला त्यांचे पाय चेपायची. तो पाय हातात आला की तिचा हात आपोआप हलका व्हायचा.

पुढे ती अमळनेरच्या कॉलेजात शिकायला गेली. तिथल्या ग्रंथालयात एका जाडजूड पुस्तकात तिला एक फोटो दिसला. उजाड टेकड्या आणि त्यांच्या कण्यावरून धावणारी दगडी भिंत. रोमन बादशहाने इंग्लंडच्या उत्तरेला बांधलेली. राज्याची शेवटची हद्द. खाली लिहिलं होतं, या भिंतीवर सिरियातले तिरंदाज पहाऱ्याला होते. प्रमिलाने ती ओळ पुन्हा वाचली. वाळवंटातली माणसं, आणि त्या गारठ्यात? पुस्तक मिटलं तरी ती माणसं डोळ्यांपुढून हलेनात.

एम.ए.ला तिने हाच विषय धरला, तेव्हा तिला इतिहास शिकवणारे तोताराम सर म्हणाले, "अगं, तापीकाठी कुठेही कुदळ मार, खापरं निघतात. आपल्याकडे उकरायला काय कमी आहे?"

"कमी नाही सर. पण मला सरहद्दीवरची माणसं बघायचीत."

 मग सरांनीच पुण्याहून पुस्तकं मागवून दिली. ती धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्यावरही परदेशी शिष्यवृत्तीचा पिच्छा त्यांनी सोडला नाही.

सत्याऐंशीच्या जूनमध्ये प्रमिला त्या भिंतीपाशी पोचली. खानदेशात तेव्हा अंगाची लाही होत होती. इथे ती दोन स्वेटर घालून गुडघ्यावर बसून खुरपीने माती खरवडत होती. शिपायांच्या बराकीची जमीन हळूहळू उघडी पडली. तिच्यावर गवताचा, पानापाचोळ्याचा काळपट थर होता. ओल्या मातीत हवा न लागल्यामुळे तो कुजलाच नव्हता. तिने चिमूटभर उचलला. काडी न् काडी वेगळी दिसत होती. अठराशे वर्षांपूर्वी कुणीतरी कापून आणलेलं गवत! खुरपी खाली ठेवून ती त्या काड्या तळहातावर पसरत बसली. शेजारचा गोरा मुलगा हसून म्हणाला, पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं.

घरी आल्यावर तिने भिंतीला पांढरं धोतर लावून स्लाइडी दाखवल्या. अर्धं गाव जमलं. आबा मागे खांबाला टेकून बसले होते. लोक पांगल्यावर त्यांनी विचारलं, "बर्फ दखा का तठे?"

"नही आबा. उन्हाळा व्हता."

"मंग तू सरहद दखीच नही." खांबाचा आधार घेऊन उठत ते म्हणाले, "बर्फ पडस तव्हय जाय. बठ्ठं धवळं व्हई जास. आभाय कोठे, जमीन कोठे, काहीच समजत नही."

लडाखबद्दल ते बोललेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं. आई यशोदाबाई चुलीपाशी होती, तिचाही हात थांबला.

हिवाळ्यात तिथे कुणी खोदकाम करत नाही. तरी एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत प्रमिला गेली. तिथल्या ओळखीच्या लोकांनी तिला वेड्यात काढलं. पण त्याच आठवड्यात बर्फ कोसळलं. दुसऱ्या दिवशी ती एकटी भिंतीवर चढली. उत्तरेला काहीच नव्हतं. रस्ता नाही, झाड नाही, क्षितिजसुद्धा नाही. नुसता पांढरा उजेड आणि कानात स्वतःच्या रक्ताचा आवाज. इथे उभं राहून शत्रू काय शोधायचा? माणूस आधी आपलेच पाय शोधेल. बूट भिजले होते, बोटं बधिर झाली होती, तरी तिला खाली उतरवेना. या दगडांवर माणसांनी जन्म काढले. तिच्या बापाने असलंच काही पाहिलं होतं, आणि परत येऊन मुकाट्याने ज्वारी पेरली होती. तिने नकळत हात जोडले.

उतरताना तिला तो गवताचा थर आठवला. आपल्या टिपणात तिने त्याला एका ओळीत उरकलं होतं. आता कळलं, तो पाचोळा नव्हता, हिवाळा होता. थंडी जमिनीतून वर चढू नये म्हणून शिपायांनी अंथरलेला, दबला की त्यावर पुन्हा नवा अंथरलेला.

तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषयच बदलला. लढाया बाजूला पडल्या. चुली, सरपण, बूट, अंथरूण, यांवर तिने चार वर्षं काम केलं. सुट्टीत गावी आली की आबा अधूनमधून एखादी गोष्ट सांगायचे: रॉकेल कसं गोठायचं, रोटी छातीशी धरून कशी मऊ करायची. 

प्रबंध मान्य झाला, आणि पुढच्याच वर्षी तिला सिरियाच्या वाळवंटातून बोलावणं आलं. त्याच रोमन राज्याचं दुसरं टोक. इथे भिंत नव्हती. लांबच लांब रस्ता आणि दूरदूरचे बुरूज. ऊन थेट धुळ्याचं. सोबतच्या अभ्यासकाने सांगितलं, इथे युरोपातल्या थ्रेसच्या थंड डोंगरांतले शिपाई ठेवले होते.

प्रमिलाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पडक्या बुरुजावर चढली. वाळू वितळल्यासारखी हलत होती. नजर पोचेल तिथवर एक माणूस नव्हता. बर्फातल्यासारखंच, आभाळ कुठे, जमीन कुठे, कळत नव्हतं. ती तशीच उभी राहिली, खालून हाका येईपर्यंत.