डब्यावरचा मांडव

नवऱ्याने निवृत्तीनंतर चाकांवरचं घर आणलं, तेव्हा आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पहिला प्रश्न आला तो, "आइस्क्रीमची गाडी टाकताय का?" नवरा दुखावला. त्याने कॅरॅव्हॅन म्हणजे काय, परदेशात लोक ती गाडीच्या मागे जोडून कसे गावोगाव हिंडतात, हे सेक्रेटरींना गेटवर उभं राहून समजावून सांगितलं. सेक्रेटरींनी ऐकून घेतलं आणि तिला डबा म्हणायला सुरुवात केली. आठवडाभरात आम्हीही म्हणायला लागलो.

डबा अंधेरीतल्या एका शूटिंगवाल्याचा. त्यात नट्यांचा मेकअप व्हायचा. त्यामुळे आत एक पलंग, एक बेसिन, शेगडीपुरता ओटा आणि भोवती दिवे लावलेला भलामोठा आरसा होता. त्या आरशासमोर मी पहिल्या दिवशी कोथिंबीर निवडली आणि आयुष्यात प्रथमच कोथिंबीर निवडताना बरी दिसले. शूटिंगवाल्याच्या ड्रायव्हरने डबा उलटा घेत घेत, एका झटक्यात, भिंत आणि जनरेटरच्या मधल्या जागेत असा बसवला की वॉचमनने टाळ्या वाजवल्या. नवरा मात्र ड्रायव्हरचे स्टिअरिंगवरचे हात बघत राहिला. त्याचं कारण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

डबा घ्यायला मी होकार दिला तो एका अटीवर. माझं माहेर माहुलचं. वडिलांची होडी, आई बाजारात मासे विकायची. लोकांना समुद्र दिसला की ते चपला काढून पाण्यात जातात, आम्हाला समुद्र दिसला की काम दिसायचं. जाळी, टोपल्या, कोलंबी सोलणं, वाटे लावणं. पुढे घाटकोपरच्या शाळेत शिकवायला लागले, तरी सुट्टीत माहेरी गेले की आई पाट पुढे सरकवायची. त्यामुळे माझी अट साधी होती. समुद्राकाठी डबा उभा करायचा, दार उघडायचं, आणि कशालाही हात न लावता मी एक कप चहा प्यायचा. पण हे लवकर व्हायला हवं होतं. दसऱ्यानंतर माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डब्याच्या दाराची पायरी उंच, आत्ताच मी ती खिडकीला धरून, देवाचं नाव घेत चढत होते. नारळी पौर्णिमेला निघायचं ठरलं. कॅलेंडरवर मी स्केचपेनने गोल केला.

तोवर पावसाळा काढायचा होता. डब्याच्या छताला एक बारीक चीर होती, म्हणून वर मांडव हवा. नवऱ्याने लोखंडी पाइपांचा सांगाडा आणला, वर निळी ताडपत्री टाकली आणि चार पायांशी पाण्याने भरलेले चार कॅन ठेवले. त्याची सगळी हयात अंधेरीच्या एका कारखान्यात मशीनच्या फाउंडेशनची ड्रॉइंगं काढण्यात गेलेली. ऐंशी लिटर पाणी पुरतं, असं त्याचं गणित होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. मांडवाने कॅन आडवे केले, उठला, चार पावलं चालला आणि सेक्रेटरींच्या गाडीवर जाऊन बसला. गाडीला काही झालं नाही. पण सेक्रेटरी ती गाडी रोज स्वतःच्या रुमालाने पुसतात.

संध्याकाळी पत्र आलं. पेव्हर ब्लॉकना भोक पाडू नये. इमारतीच्या खांबाला, पाइपला, अशोकाच्या झाडांना काही बांधू नये. मांडव तात्पुरत्या स्वरूपाचा असावा व उडू नये. नवऱ्याने ते पत्र चार दिवस खिशात घेऊन वाचलं. जमिनीत बोल्ट न घालता काही उभं राहतं यावर त्याचा मुळात विश्वासच नाही. पाचव्या दिवशी चहा अर्धा टाकून तो उठला. "डब्याला बांधायचा!" म्हणाला. "एवढं वजन आयतं उभं आहे."

म्हणजे ज्याच्या डोक्यावर छत्री धरायची, त्यालाच ती बांधायची. मी म्हटलं, "अहो, आणि डबा बाहेर काढायचा तेव्हा?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

आमच्या घरात या वाक्यानंतर सहसा काही बघितलं जात नाही. म्हणून मी माझ्या मोठ्या भावाला बोलावलं. तो अजून माहुललाच असतो, खाडीवर मासेमारी करतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला मोकळ्या करायच्या, हे त्याने जन्मभर केलेलं. तो खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून आला, डब्याभोवती एक चक्कर मारली आणि तासाभरात मांडव बांधून मोकळा झाला. सगळ्या गाठी सुटत्या. दोराचं एक टोक ओढलं की गाठ गेली.

"भावजी, हितं जरा सैल ठेवलंय," तो म्हणाला. "वाऱ्याला जागा पायजे. ताडपत्री फडफडली तर फडफडू दे. पुनवेला एका ओढीत निघंल."

"एका ओढीत निघेल ती गाठ कसली, दादा?" नवऱ्याने विचारलं.

भाऊ हसला. चहा घेऊन गेला. तो गेटबाहेर पडतोय न पडतोय तोच नवरा पान्यांची पेटी घेऊन खाली गेला.

पुढचे दोन महिने मी गॅलरीतून जे पाहिलं त्याला नवरा अँकरिंग म्हणत असे. दोर तसेच ठेवले, पण त्यांच्या जोडीला तारेचे दोर आले. तारेच्या दोरांना क्लॅम्प आले. क्लॅम्पना नट, नटांवर दुसरे नट. रोज सकाळी फिरायला जायच्या ऐवजी तो डब्याभोवती फिरायचा आणि एकेक नट पाव फेरा घट्ट करायचा. ताडपत्री तबल्यासारखी ताणली गेली. पावसाचा थेंब पडला की चौथ्या मजल्यावर ऐकू यायचा. मी कौतुक करायचे. माझ्या चहासाठी माणूस किती जपतोय, असंच मला वाटत होतं. बायका इतकी वर्षं संसार करूनही इतक्या भाबड्या राहू शकतात, याचं मला आता नवल वाटतं.

दरम्यान सोसायटीला मांडवाचा शोध लागला. आधी वॉचमनची खुर्ची आत आली. मग कॅरम आला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी दुपारी लसूण सोलायला तिथे बसू लागल्या. ज्येष्ठ नागरिक पेपर वाचायला, कुरिअरवाले पावसातून टेकायला. सेक्रेटरींनी आपली गाडी एक फूट अलीकडे, बरोबर ताडपत्रीच्या कडेखाली लावायला सुरुवात केली. तक्रारीचं पत्र कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आणि पौर्णिमेच्या आदल्या रविवारी कमिटीने एकमताने ठरवलं की यंदा सोसायटीचा गणपती डब्याच्या मांडवातच बसवायचा.

"फक्त गणपती होऊ देत, वहिनी," सेक्रेटरी म्हणाले. "मग डबा खुशाल न्या."

गणपतीनंतर नवरात्र होतं, हे मलाही कळत होतं. नवरात्रानंतर दसरा, आणि दसऱ्यानंतर माझे गुडघे. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "देवाचं काम आहे गं. नाही कसं म्हणणार?" हा माणूस गेली तीस वर्षं आरतीला उशिरा येतो आणि प्रसादाला वेळेवर. मला तिथेच कळायला हवं होतं.

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, नारळ आणि त्याची पान्यांची पेटी घेऊन खाली उतरले. नारळ डब्याच्या पायरीवर ठेवला, कुंकू लावलं आणि पहिल्या क्लॅम्पला पाना लावला. तो हलेना. दोन महिने रोज पाव फेरा, हलेल कसा? मी दोन्ही हातांनी जोर लावला. कॅरमवाले उठून उभे राहिले. सेक्रेटरी "अहो वहिनी, वहिनी" करत आले. मी म्हटलं, "तुमच्या पत्रात तात्पुरता लिहिलं होतं ना? मग आज त्याची मुदत संपली." कट् करून नट सुटला. इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही.

चौथ्या नटाला नवरा आला. चिडेल असं वाटलं होतं. तो माझ्या अगदी जवळ येऊन, कमिटीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "अगं, मला तो रिव्हर्स घेता येत नाही."

"काय?"

"बाहेर काढीन. तोंड गेटकडेच आहे. पण परत आत कसा लावू? मी डावीकडे वळवतो, तो उजवीकडे जातो. मांडव घालायच्या आधी, तू डॉक्टरकडे गेली होतीस तेव्हा रस्त्यावर करून बघितलं. आपली जीप आणि डबा काटकोनात अडकले. रिक्षावाले हॉर्न देत होते. वॉचमनने शेवटी एका ट्रकवाल्याला बोलावून आणलं, त्याने आत लावून दिला. आता सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहून बघणार."

मला हसू यायला हवं होतं. आला तो राग. दोन महिने ज्याला मी प्रेम समजत होते ती भीती होती, आणि तीही गॅलरीतल्या लोकांची. माझा एक कप चहा त्याने इतक्या नटबोल्टांखाली गाडून टाकला होता. हे सगळं मी त्याला तिथेच, कमिटीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्याने मान खाली घातली. मग माझ्या हातातला पाना घेतला आणि पाचवा नट स्वतः सोडवायला लागला. पाना दोनदा निसटला, तिसऱ्यांदा त्याने तो पुन्हा लावला. ते पाहिल्यावर माझा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा मी ठेवला, तो माझ्या हक्काचा होता.

भावाला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "होडी काय रिव्हर्स घेते? हितं बंदरावर आणा. मोप जागा हाय, गोल फिरवा. आनि परत गेल्यावर जीप सोडा, डबा माणसांनी ढकला. त्यांना गनपतीला मांडव पायजे ना?"

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सेक्रेटरींनी घसा साफ केला आणि संध्याकाळी सहाला आठ माणसं गेटवर हजर राहतील असं जाहीर केलं. शेवटचा क्लॅम्प निघाला, आणि खाली भावाचे दोर जसेच्या तसे होते. मी टोकं ओढत गेले. एकेका ओढीत गाठ गेली, ताडपत्री अलगद भिंतीच्या बाजूला बसली. वॉचमनने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तर माझा समुद्रकिनारा म्हणजे अखेर माहुलचं बंदर. समुद्र नाही, खाडी. समोर चिखल, तिवरं आणि रिफायनरीच्या टाक्या. सगळ्या महाराष्ट्रात माझ्या नवऱ्याला डबा वळवता येईल अशी जागा तेवढी एकच होती, आणि तीही मी जिथून निघाले तीच. होड्या पाण्यात निघाल्या होत्या, नारळ पडत होते. नवऱ्याने मोठा गोल फेरा मारून डबा खाडीकडे दार करून उभा केला आणि घाम पुसला. मी खिडकीला धरून पायरी चढले. त्याने चहा करून दिला. दार उघडं ठेवून मी पलंगाच्या कडेला बसले.

पहिला घोट घेतला आणि माझी वहिनी, भावाची बायको, आली. हातात कोलंबीने भरलेली टोपली. "आलीस? बरं झालं," ती म्हणाली आणि टोपली दारात ठेवली. "बसल्या बसल्या एवढी सोल."

माझा हात कप खाली ठेवायला निघाला होता. जन्माची सवय. पण त्याआधीच नवऱ्याने टोपली उचलली, दाराबाहेर ओल्या दगडावर बसला आणि एक कोलंबी हातात घेऊन तिचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठली ते पाहू लागला.

"अगं, भावजींना यातलं काय येतंय?" वहिनी मला म्हणाली. "सगळी वाट लावतील ते."

लावत होताच. निम्मी कोलंबी सालाबरोबर जात होती. गल्लीतल्या चार बायका बघायला जमल्या, आणि त्यातली एक तर मोठ्याने हसली. त्याने एकदा वर पाहिलं, कान लाल झाले, आणि पुढची कोलंबी उचलली.

मी उठले नाही. चहा गार होईपर्यंत प्यायले.