बाबांना मी यिडिशमध्ये मारलं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी दहावीत कुठल्या पेपरला कोणाचं बघून लिहिलं, तेसुद्धा सांगितलेलं आहे. माझ्या गोष्टीतलं निम्मं कापून ऐकावं, असं मित्र म्हणतात. आज काही कापू नकोस.

परदेशातलं आमचं उपनगर टार्निट, आणि तिथला लॉकडाऊन. पाच किलोमीटरच्या आत फिरायची परवानगी, आणि त्या पाच किलोमीटरात काय? आमच्याच घराच्या नऊ हजार हुबेहूब प्रती आणि एक बदकांचं तळं. बायको मंजिरी नर्स, ती शिफ्टला. मी घरून कोड लिहायचो आणि भिंतीशी गप्पा मारायचो. भिंत उलट बोलायला लागली, तेव्हा यिडिशच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. यिडिशच का? — का नको? लोक घरोघरी पाव भाजत होते, मी पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा शिकलो. सहा महिन्यांत इंटरमिजिएटला!

आता नीट ऐक. बिगिनरला खोटं बोलता येत नाही. तो म्हणतो 'हे टेबल आहे', आणि टेबल असतंच. इंटरमिजिएटला मात्र घरच्यांबद्दल पाच मिनिटं न थांबता बोलायचं असतं. वर्गातले बाकीचे कॉलफिल्ड या ज्यू वस्तीकडचे, आजी-आजोबांची हरवलेली भाषा शोधत आलेले. एकेकाच्या घरचं ऐकून अंगावर काटा यायचा. मग माझी पाळी. माझ्याकडे काय होतं? साताऱ्याचे बाबा — इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर, ठणठणीत, शेजाऱ्याच्या पेपरातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करणारे. यावर पाच मिनिटं?

मारलं मी त्यांना.

कोविडने. अख्खा सातारा खिडक्यांत उभा, एसट्या जागच्या जागी थांबलेल्या, आणि मुलगा इथे — सीमा बंद, विमान नाही — फोनवर बापाची चिता बघतोय. क्रियापदं इतकी अचूक कधीच आली नव्हती! शिक्षिका रडली. त्या दिवसांत हे किती जणांवर खरंच आलं होतं, माहीत आहे ना? त्यांचं दुःख उचललं आणि गृहपाठ म्हणून दिलं.

वर्गात रिवकाबाई होत्या, ऐंशीच्या. त्याच थंडीत त्यांचा नवरा हॉस्पिटलात वारला. बाईंना आत सोडलं नाही, निरोप टॅबलेटवर घेतला. वर्गात त्या तोंड उघडत नसत. माझी पाच मिनिटं झाली आणि मला त्यांचं पत्र आलं — सुट्या, मोठ्या अक्षरांत, इंटरमिजिएटला वाचता यावं म्हणून. नवऱ्याशी शेवटचं काय बोलल्या, ते त्यात होतं. पोटच्या मुलांना सांगितलं नव्हतं ते. मग दर रविवारी आम्ही दोघं अर्धा तास बोलायचो. दीड वर्ष.

मग काय, "बाई, माझे बाबा जिवंत आहेत" म्हणायचं होतं मी? हो, म्हणायचं होतं. नाही म्हटलं. आणि त्या थापेची मला आजही लाज वाटत नाही. लिहून ठेव हवं तर.

लाज वाटते ती पुढच्या दोन शब्दांची.

सीमा उघडल्या, बाबा आले. त्याच आठवड्यात वर्ग पहिल्यांदाच प्रत्यक्ष भेटणार होता, एका पार्कमध्ये. मंजिरी कामावर. बाबांना त्या ओस वसाहतीत एकटं कसं टाकायचं? नेलं बरोबर. बसतील बाकावर, म्हटलं. तर रिवकाबाई काठी टेकत थेट आमच्याकडेच. हे कोण, म्हणाल्या.

शेजारी जिवंत बाप उभा. दीड वर्षात याहून सोपी संधी मिळाली होती का?

"माय अंकल," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. रिवकाबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, तुमच्या भावाचं फार वाईट झालं, म्हणाल्या. बाबा त्यांच्या त्या शाळामास्तरी इंग्रजीत म्हणाले, "माझा भाऊ साधा माणूस होता. मुलाचं त्याला भारी कौतुक होतं."

परतताना गाडी वेस्ट गेट ब्रिजवर चढली. मग बाबा —

"मेलो कशाने, तेवढं सांगून ठेव. परत कोणी विचारलं तर पंचाईत नको."

"कोविडने."

"बरं."

हसले नाहीत. माझ्या थापेवर बाबा हसले नाहीत, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

ते साताऱ्याला परत गेले. कोणाला काही बोलले नाहीत. मीही नाही. मी ठोकून दिलेल्या तारखेला रिवकाबाई दरवर्षी दोन मेणबत्त्या लावतात — एक नवऱ्याच्या नावाची, एक बाबांच्या — आणि मला फोटो पाठवतात. यंदाही आला. मी आभार मानले. यिडिशमध्ये, एकही चूक न करता.